अगाधाची चिठ्ठी

कानडी मुलखात, अलसूरच्या तमिळ चर्चमध्ये दुपारी तीन ते पाच मराठी माणसं देवाची स्तुती करत. सकाळची वेळ तमिळांची, कारण इमारत त्यांची. मराठी मंडळी होती लहान मुलं सोडून एक्केचाळीस माणसांची. कुणी नगरकडून आलेलं, कुणी सोलापूरचं, बरेचसे बेळगाव-निपाणीकडचे, आणि जवळजवळ सगळे विमानांच्या कारखान्यात नोकरीला. स्वतःचा पाळक ठेवायची ऐपत नव्हती. तीन महिन्यांतून एकदा बेळगावचे पाळकसाहेब येऊन प्रभुभोजन देऊन जात. बाकीच्या रविवारी उपदेश करायचे दामोदर. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी तेच, उपदेशक तेच, आणि कुणाच्या घरी मरण झालं तर पुढे चालणारेही तेच. कारखान्यात ते तपासनीस होते. हजार रिव्हेटांतलं एक वाकडं असलं तर त्यांना लांबून दिसायचं, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांना आपली नजर तेवढीच पक्की वाटायची.

मंडळीची एक रीत होती. एक जानेवारीच्या भक्तीला पितळेच्या ताटात एक्केचाळीस चिठ्ठ्या ठेवायच्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं एकेक वचन. ज्याला जी येईल ती त्याची वर्षाची शिदोरी. चिठ्ठी काढायची, उभं राहून मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वडिलांच्या बायकोनं चिठ्ठी काढायची आणि तिनंच वाचून दाखवायची.

चाळीस वचनं गोड होती. देव सांभाळील, भाकर देईल, पाय घसरू देणार नाही. एक्केचाळिसावं दामोदर दर वर्षी स्वतःच्या हातानं लिहीत, आणि त्यात देण्याघेण्याची भाषाच नव्हती. देवाच्या ज्ञानाचा तळ कुणाला लागलेला नाही, त्याचे निर्णय शोधून सापडत नाहीत, त्याच्या वाटा माणसाला कळत नाहीत, आणि म्हणून त्याची स्तुती असो. दामोदर म्हणायचे, याहून मोठी स्तुती सगळ्या शास्त्रात नाही, कारण इथे माणूस काही मागत नाही, फक्त मान लववतो. मंडळी तोंडावर आमेन म्हणायची आणि मागे तिला अगाधाची चिठ्ठी म्हणायची, आणि तिच्यापासून देव राखो अशी देवाकडेच प्रार्थना करायची.

झालं होतं असं. अठ्ठावन्न साली ती कृष्णाजीला आली आणि जूनमध्ये त्याची सायकल बसखाली जाऊन पाय गुडघ्यापासून गेला. एकोणसाठ साली मधुकर मास्तरांच्या बायकोला आली, ती क्षयानं गेली. साठ साली फत्तेसिंगकाकांना आली आणि दिवाळीच्या सुमारास काका गेले. आता काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि दम्यानं दहा वर्षं बेजार होते, त्यांना मरायला वचनाची गरज नव्हती. शिवाय सत्तावन्न साली हीच चिठ्ठी चंद्रकांतला आली होती आणि त्याला पुण्याला मोठ्या पगाराची नोकरी लागली होती, एकसष्ट साली एका पोराला आली होती आणि तो मॅट्रिक पास झाला होता. पण ते कोण लक्षात ठेवतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्या डोक्यावरच्या फांदीवर कावळा बसला की सगळे वर बघतात.

दामोदरांच्या बायकोचं नाव हेमलता. ती मिशनच्या दवाखान्यात सुईणकाम शिकलेली होती. लग्नानंतर नोकरी सुटली, पण मंडळीतल्या बायकांची बाळंतपणं तीच करायची. सतरा वर्षांत चौतीस मुलं तिच्या हातावर जन्मली आणि एकही दगावलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि असायला हरकतही नव्हती. ती घाबरट बाई नव्हती. पण तिला एकच मुलगी होती, प्रेमा, सोळा वर्षांची. प्रेमाला दोन वर्षांपूर्वी सांधेज्वर झाला होता आणि डॉक्टर म्हणाले होते की हृदयाची एक झडप अधू झाली आहे, जपलं पाहिजे. तेव्हापासून हेमलता पोरीच्या श्वासाकडे कान लावून जगत होती. जिना चढताना पोर थांबली की आईचं काळीज थांबायचं.

बासष्ट सालच्या चिठ्ठ्या तिनं डिसेंबरात नेहमीप्रमाणे लिहिल्या. तिचं अक्षर सुबक होतं. दामोदरांनी आपली एक लिहून तिच्याकडे दिली आणि म्हणाले, "नीट मोज. गेल्या वर्षी कुणीतरी ही गाळायची सूचना केली होती. देवाची स्तुती गाळायची म्हणे."

तिनं मोजल्या. सगळ्या सारख्या चौघडी घातल्या. आणि दामोदर आंघोळीला गेले तेव्हा त्या एका चिठ्ठीचा कोपरा तिनं नखानं दुमडला. इतका बारीक की ठाऊक असल्याशिवाय दिसू नये. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं. ताट धरायचं काम तिचं होतं, प्रेमाची पाळी येईपर्यंत ती चिठ्ठी ताटातून निघून जाईल एवढं बघायचं, बस. आईनं एवढंही करू नये म्हणता?

पण ताटातली चिठ्ठी काही लवकर निघेना. नवीन वर्षाच्या त्या दुपारी एकामागून एक माणसं उठली. कृष्णाजी कुबडीवर उठला, चिठ्ठी वाचली आणि असा काही हसला की जणू गेलेला पाय परत मिळाला. दामोदरांना भाकरीचं वचन आलं. अंबुबाई, जिच्या जिभेला मंडळीत सगळे भीत, तिनं तीनदा ताट चाचपून चिठ्ठी काढली आणि वाचून झाल्यावर पदरानं घाम पुसला. ज्याची सुटका व्हायची तो मागे टेकून आरामात बसायचा आणि ज्यांची राहिली होती त्यांच्याकडे बघायचा. देवाच्या घरात लोक इतके एकाग्र क्वचितच असतात.

शेवटी तिघं उरली. ऑक्टोबरात बाप्तिस्मा घेतलेला पिराजी, त्याची बायको गंगव्वा, आणि पेटी वाजवते म्हणून सगळ्यांच्या शेवटी चिठ्ठी काढणारी प्रेमा.

पिराजी कारखान्यात हमालीकाम करायचा. चिक्कोडीकडचा माणूस, तिसरी शिकलेला. त्यानं चिठ्ठी काढली, अक्षर अक्षर जुळवत वाचली. देव माझा आसरा, असं काहीतरी होतं. ताटात दोन उरल्या. एकीचा कोपरा दुमडलेला होता.

गंगव्वा उभी राहिली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. अकरा वर्षं मूल नव्हतं, आणि आता पाचवा महिना लागला होता. साऱ्या मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना केल्या होत्या, हेमलतानं सगळ्यात जास्त. ती दोन्ही हात पुढे करून उभी होती, प्रसादाला करतात तसे. जुनी सवय होती, दामोदरांनी दोनदा सांगूनही गेली नव्हती.

हेमलतानं ताटाकडे पाहिलं. मग पेटीमागे बसलेल्या प्रेमाकडे पाहिलं. पोरीनं भाता थांबवला होता आणि ओठ घट्ट मिटले होते, तिलाही मोजता येत होतं. हेमलता नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगायची की हात आपोआप गेला. तसं नव्हतं. तिनं कोपरा पाहिला, ओळखला, आणि तीच चिठ्ठी उचलून गंगव्वाच्या नावानं उघडली.

तिनं वाचली. आवाज कापला नाही. आमेन असा जोरात उमटला की बाहेर झाडाखाली बसलेला तमिळ शिपाई आत डोकावून गेला. सुटकेचा आमेन होता तो. प्रेमानं उरलेली चिठ्ठी काढली, ती काय होती ते कुणी धड ऐकलंही नाही.

गंगव्वा मात्र उभीच होती. "अक्का," ती म्हणाली, "अजून एकदा वाचा की."

हेमलतानं पुन्हा वाचलं. गंगव्वाच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघायला नको होतं. ती उजळून निघाली होती. तिला मंडळीतली कुजबूज कुणी सांगितली नव्हती, नव्या माणसाला कोण सांगणार. तिला एवढंच कळलं की बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्यांत भाकर, आसरा, आरोग्य होतं, आणि तिच्या चिठ्ठीत नुसता देव होता, त्याच्या सगळ्या मोठेपणासकट.

"एवढं मोठं मला?" असं म्हणून तिनं ती चिठ्ठी डोळ्यांना लावली.

त्यानंतरचे चार महिने मंडळी वाट बघत होती. कुणी तसं म्हणालं नाही. पण इथे रीत अशी की पहिलटकरणीला सगळ्या घरांतून जुनी टोपडी, दुपटी, लंगोट जायचे. गंगव्वाला काही गेलं नाही. एकीनं म्हटलं, होऊ दे की आधी सुखरूप. दुसरीनं म्हटलं, माझी दुपटी फार विरली. पोटुशी असलेली एक सून तिच्या बाकावरून उठून पुढच्या बाकावर जाऊन बसू लागली. अंबुबाई हेमलताला हलक्या आवाजात म्हणाली, "मला तिचं पोट बघवत नाही गं." आणि बघत राहिली. दामोदरांनी या काळात विश्वासाविषयी सलग सहा उपदेश केले.

गंगव्वाला वाटलं, लोक आपल्याला मान देऊन लांब बसतात. पिराजीकडून तिनं ते वचन पाठ करून घेतलं. दर रविवारी भक्ती संपली की हेमलताजवळ येऊन न चुकता म्हणून दाखवायची आणि विचारायची, "बरोबर हाय न्हवं अक्का?" हेमलता म्हणायची, बरोबर आहे. आणि त्या रात्री तिला जेवण जात नसे.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी दहाला पिराजी सायकल हाणत दोम्मलूरला हेमलताच्या दारात आला. अंगातला सदरा घामानं चिकटला होता.

"अक्का, पहाटेपासनं कळा येत्यात. चला. जटका बघू का?"

हेमलताची पिशवी तयारच असायची. उकळून घेतलेली कात्री, दोरा, डेटॉल, स्वच्छ कापडं. तिनं ती खुंटीवरून काढली, चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत आली. कोडिहळ्ळी तिथून मैलभर. पंधरा मिनिटांत ती गंगव्वाच्या उशाशी असती.

उंबऱ्यात तिचे पाय थांबले. तिनं काय विचार केला तो सांगतो, म्हणजे तिच्यावर अन्याय होणार नाही. तिच्या मनात आलं, हे मूल जगणार नाही. ते जानेवारीतच ठरलंय. ते माझ्या हातावर मेलं तर चिठ्ठीही माझ्या हातची आणि मरणही माझ्या हातचं. चौतीस मुलं जगवलेले हे हात, आणि पस्तिसावं असं. दुसऱ्या कुणाच्या हातावर जाऊ दे. मरणारच आहे तर मी तिथे नको. असा तो विचार होता. बाई दुष्ट नव्हती. भित्री झाली होती, आणि भित्र्या माणसाइतकं वाईट दुष्टालाही करता येत नाही.

"पिराजी, मला काल रात्रीपासून ताप आहे," ती म्हणाली. "बाळंतिणीजवळ तापाचं माणूस नको. तू तिला दवाखान्यात ने. जटक्यातून ने. तिथे डॉक्टर आहेत, मोठे आहेत."

पिराजी तिच्याकडे बघत राहिला. "दवाखाना लांब हाय अक्का. ती म्हणत्या, अक्काच पायजेत."

"उशीर करू नकोस."

"सरी अक्का," असा कानडीत होकार देऊन तो गेला. सांगितलं ते ऐकणारा माणूस होता.

आतून प्रेमा बाहेर आली. "आई, तुला ताप कुठे आहे?"

"तू आत जा," हेमलता म्हणाली आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावली.

मूल जटक्यातच झालं, अलसूरच्या तळ्यापाशी. सोबतीला शेजारची ठकुबाई होती, साठीची, मन धीराचं पण हाताला या कामाची सवय नाही. जटकेवाल्यानं घोडा थांबवला आणि पाठ करून उभा राहिला. मुलगी होती. पूर्ण दिवसांची, डोक्यावर दाट जावळ. ठकुबाईनं दोन दिवसांनी हेमलताला सांगितलं, "नाळेचे दोन वेढे होते हो मानेला. निळी पडली होती. हालत होती आधी थोडी. मला काय करावं ते सुचलंच नाही."

हेमलताला ते वेढे ठाऊक होते. चौतिसांपैकी नऊ मुलं तसेच वेढे घेऊन आली होती. दोन बोटं आत सरकवायची, नाळ सैल करायची, डोक्यावरून काढायची. एक वेढा, मग दुसरा. प्रेमाची वेणी सोडवायला तिला याहून जास्त वेळ लागायचा. नाहीच सुटले तर दोन ठिकाणी बांधून मधे कापायचं, त्यासाठी कात्री पिशवीत होती.

आठव्या दिवसानंतरच्या रविवारी मंडळीनं उपकारस्तुतीची भक्ती ठेवली. हीही रीतच. घरात मरण झालं की दुःख करणाऱ्यानं मंडळीपुढे उभं राहून देवाचे उपकार मानायचे, नाहीतर त्याचा विश्वास कमी पडला असं समजत. दामोदर त्या दिवशी पाऊण तास बोलले. त्यांचा विषय कुणालाही ओळखता आला असता. ते म्हणाले, मुंगीला विमान कळत नाही म्हणून विमान चुकीचं ठरत नाही. ते म्हणाले, ज्याला आपण तोटा म्हणतो तो त्याच्या हिशेबात तोटा नसतो, आणि तो हिशेब बघायला मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. ढोंग नव्हतं त्यात काही. दुसऱ्याच्या दुःखावर त्यांना फार सुंदर बोलता यायचं.

मग गंगव्वा उठली. अंगावर बाळंतपणाची सूज तशीच होती. दूध आलं होतं, आणि चोळी ओली होऊ नये म्हणून तिनं पदर दुहेरी घेतला होता. बायकांना ते दिसलं आणि त्यांनी माना खाली घातल्या.

"मला बोलाया येत न्हाई," ती म्हणाली. "पर देवानं माझ्यावर लई उपकार केला. चार म्हैने आदी त्यानं मला सांगून ठेवलं. न्हाईतर मी येडी झाले असते. एवढी शिकलेली मानसं इथं, पर त्यानं त्याचं सगळ्यात मोठं वचन मला दिलं. गंगीला. म्हंजे त्याला ठावं व्हतं की हिच्यावर हे येनार, तवा हिला आदी धरून ठेवाया पायजे. लेकरू का नेलं ते मला कळत न्हाई. त्याला कळतंय. तो लई मोठा हाय. मी रोज रडते आनि रोज ते वचन म्हनते. म्हटलं की तो जवळ बसल्यागत वाटतं." मग ती हेमलताकडे वळली. "आनि अक्कांचे उपकार. त्यांच्या हातनं मला ते मिळालं."

आमेन झाला. कृष्णाजी रडत होता. अंबुबाईही रडत होती, आणि त्याच रात्री तिच्या घरातून दोन चांगली दुपटी बोहारणीला गेली ती वेगळी गोष्ट. हेमलता बसल्या जागी बसून होती. तिचे हात मांडीवर होते आणि ते कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

घरी आल्यावर दामोदर कोट काढता काढता म्हणाले, "काय साक्ष दिली त्या अडाणी बाईनं. मंडळीच्या मासिकाला लिहून पाठवतो."

तेव्हा हेमलतानं त्यांना सांगितलं. दुमडलेला कोपरा, ताटातल्या दोन चिठ्ठ्या, आणि नसलेला ताप. काही राखून ठेवलं नाही. सांगताना ती उभी होती, आणि सांगून झाल्यावर भिंतीला टेकून खाली बसली.

हातातला कोट दामोदरांनी खुर्चीच्या पाठीला नीट घातला. मग शांतपणे म्हणाले, "हेमा, तुला वाटतं कागदाचा कोपरा दुमडून तू देवाचा निर्णय फिरवलास?"

"मी निवडली हो ती चिठ्ठी. डोळ्यांनी बघून."

"तुझ्या डोळ्यांना कुणी दाखवलं? तुझी भीती, तुझं दुमडणं, तुझं न जाणं, हे सगळं त्याच्या योजनेत होतं. त्याला ती मुलगी न्यायची होती. तू गेली असतीस तरी त्यानं नेली असती."

"मी वेढे सोडवले असते."

"हा गर्व आहे," दामोदर म्हणाले. "मीच मारलं, मीच वाचवलं असतं. एवढी मोठी तू? त्या गर्वाची क्षमा माग, बाकी कशाची मागू नकोस. आणि हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. लोकांच्या विश्वासाला धक्का बसेल."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. हेमलतानं गर्वाची क्षमा मागून पाहिली. तिनं केलेलं पाप एक होतं आणि नवऱ्यानं हातात दिलेलं दुसरंच. खऱ्याची क्षमा मागायची सोय त्या घरात राहिली नव्हती. पुढचे दहा दिवस तिला भाकरी मातीसारखी लागली. प्रेमा धडधाकट होती, जिना न थांबता चढत होती, आणि आई तिच्याकडे बघायचं टाळायची. शेवटी तिनं ठरवलं की हे ओझं एकाच माणसापुढे उतरेल. त्या माणसाचं काय होईल, हा विचार तिला शिवला नाही. आपला पाय भाजत असला की माणूस पाणी कुणाच्या घागरीतलं ते बघत नाही.

ती दुपारी कोडिहळ्ळीला गेली. पिराजीची एक खोली होती, पुढे चूल. गंगव्वा खोलीत जमिनीवर बसली होती आणि भिंतीवर भाताच्या पेजेनं चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट फिरवत होती. अक्षरं वाचता येत नव्हती, पण कुठला शब्द कुठे आहे ते तिनं बोटानं पाठ केलं होतं. देव या शब्दावरची शाई पुसट झाली होती.

"या अक्का, या," ती लगबगीनं उठली. "स्वल्प काफी टाकते."

"नको. बस. मला तुला काही सांगायचंय."

हेमलतानं सांगितलं. पहिल्यांदा गंगव्वाला कळलंच नाही. चिठ्ठीला खूण कशासाठी करायची, हे तिच्या ध्यानात येईना. मग हेमलताला कृष्णाजीच्या पायापासून सगळं सांगावं लागलं. मंडळी या चिठ्ठीला काय म्हणते, तिला चार महिने दुपटी का आली नाहीत, बायका लांब का बसायच्या. गंगव्वा ऐकत होती. मधेच तिनं भिंतीकडे एकदा पाहिलं.

"म्हंजे माझी चिठ्ठी दुसरी व्हती."

"दोन होत्या. मी बघून ही तुला दिली. प्रेमाला यायला नको म्हणून."

"आनि त्या दिवशी ताप?"

"नव्हता."

"तुमी आला असता तर?"

हेमलताला खोटं बोलता आलं असतं. दामोदरांचं उत्तर तिच्या तोंडाशी तयार होतं, आणि त्या वेळी ते औषधासारखं लागू पडलं असतं. देवाला न्यायचीच होती म्हटलं असतं तर समोरच्या बाईचं काही गेलं नसतं. पण हेमलता स्वच्छ व्हायला आली होती, आणि अर्ध्यावर थांबून स्वच्छ होता येत नाही.

"जगली असती," ती म्हणाली. "बहुतेक जगली असती."

चुलीवर काही नव्हतं तरी गंगव्वा उठून चुलीपाशी गेली आणि परत येऊन बसली. मोठ्यानं रडेल, अंगावर धावून येईल, असं हेमलताला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मी म्हनत व्हते, त्यानं मला निवडलं," ती हळू म्हणाली. "एवढ्या मानसांत."

हेमलता भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बघत होती.

"त्यानं न्हवतंच निवडलं. तुमी निवडलं."

"हो," हेमलता म्हणाली, आणि पुढे वाकून तिचे पाय धरले. "मला क्षमा कर, गंगव्वा. एवढं तोंडानं म्हण."

गंगव्वानं पाय ओढून घेतले नाहीत. ती त्या डोक्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. दारात आलेल्याला काहीतरी देऊन वाटेला लावायचं तशा आवाजात ती म्हणाली, "केली. सरी. जावा आता अक्का."

हेमलता निघाली. कोडिहळ्ळीच्या रस्त्यावर तिला दहा दिवसांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते गोड होतं. घरी येऊन तिनं वांग्याची भाजी केली, प्रेमाला जवळ बसवून जेवू घातलं आणि स्वतःही पोटभर जेवली.

पुढच्या रविवारी गंगव्वा भक्तीला आली. शेवटच्या बाकावर पिराजीशेजारी बसली. स्तुतीचं गीत सुरू झालं तेव्हा सगळ्यांबरोबर उभी राहिली, पण तिचे ओठ मिटलेले होते. पिराजीनं दोनदा तिच्याकडे वळून पाहिलं. बाहेरगावचे चार पाहुणे त्या दिवशी आले होते, आणि दामोदरांनी त्यांना मुद्दाम सांगून ठेवलं होतं की एका अडाणी बहिणीची साक्ष ऐका. उपदेश झाल्यावर त्यांनी तिला हाक मारली.

गंगव्वा उभी राहिली. पाहुणे मान वळवून बघू लागले. ती एकदा दामोदरांकडे, मग हेमलताकडे बघून म्हणाली, "माझ्यापाशी सांगन्यासारखं काय न्हाई," आणि बसली.

पेटीवर प्रेमाची बोटं घोटाळली. दामोदरांनी गीताचा पुढचा आकडा सांगितला. त्यानंतर गंगव्वा दोन रविवार आली, तिसऱ्या रविवारी पिराजी एकटा आला, आणि पावसाळा सरेपर्यंत तोही येईनासा झाला. त्यांच्या खोलीवरून जाणाऱ्या कुणीतरी सांगितलं की भिंतीवर चिठ्ठीच्या जागी पोपडा निघालाय.

पाहुणे आले होते त्या रविवारी भक्तीहून परतताना दामोदर वाटेत खंत करत होते. छत्री हातात आणि शास्त्र काखेत होतं.

"विश्वासात कच्ची निघाली," ते म्हणाले. "दुःखाच्या पहिल्या भरात माणूस देवाला धरतो. पुढे टिकायला मुळं खोल लागतात. तुला काय वाटतं?"

हेमलता त्यांच्या दोन पावलं मागे चालत होती. प्रेमानं वळून आईकडे पाहिलं.

"हो," हेमलता म्हणाली. "कच्चीच होती."